सिस्टर आणि त्यांचे पेशंट

मुलुंडला आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या सिस्टर निवृत्त झाल्या होत्या, असं म्हणणारा माणूस त्यांना एकदाही भेटलेला नसणार. त्या पेन्शन घेत, एवढंच. बाकी कोणाच्याही घरात शिरल्या की आधी मनगट धरून नाडी मोजायची आणि मग "कशी आहेस?" विचारायचं, हा क्रम कधी चुकला नाही. गप्पा मारता मारता आमच्या पलंगावरच्या चादरीचे कोपरे त्या इतके घट्ट खोचून ठेवत, की झोपताना बाबांना पाय आत घालायला आईची मदत लागे.

हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण भर दुपारी, सगळी इमारत सुस्तावलेली असताना, त्यांच्या बंद दाराआडून आवाज यायचा. "बारा नंबर, कूस बदला बघू. चार नंबर, मुलगी निघालीय तुमची, डोळे मिटू नका." मग शांतता, कोणी उत्तर द्यावं एवढी, आणि पुन्हा सिस्टरांचं "बरं, बरं." घरात तर त्या एकट्याच असत. बारा नंबर म्हणजे कोण, असं मी एकदा विचारलं. "अगं, गेले ते. मी नोकरीला लागले त्याच वर्षी," असं म्हणून त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि किंचित सरकून बसल्या. मी त्या खुर्चीवर पुन्हा कधी बसले नाही.

आणि अशी ही मी बी.एस्सी. नर्सिंगला निघाले होते! दोन कॉलेजांवर गाडी अडली होती. बाबांना काचेच्या इमारतीतलं, एसी हॉस्टेलवालं कॉलेज पसंत होतं. मलाही तेच हवं होतं, पण कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. मला मेलेल्या माणसाची भयंकर भीती वाटायची, आणि त्या कॉलेजच्या एवढ्या चकचकीत हॉस्पिटलात माणसं कमी मरत असतील अशी माझी भाबडी समजूत होती. कॉलेजांचा पसंतीक्रम लावायचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी सिस्टर दारात उभ्या. "वेबसाइट काय बघत बसलीस? वॉर्ड बघ. चल, ऊठ."

भेटीच्या वेळेत आम्ही दोन्ही कॉलेजांच्या हॉस्पिटलांत गेलो. काचेच्या इमारतीत त्यांनी एका विद्यार्थिनीला गाठून विचारलं, "या आठवड्यात तुझ्या वॉर्डातून कोण गेलं गं?" ती गोड हसून म्हणाली, "आंटी, ते बोलायला आम्हाला अलाउड नाही."

दुसरं हॉस्पिटल जुनं, पोपडे आलेलं. तिथे सिस्टरांनी काही विचारलंच नाही. रिकामे बेड तिथे चार-पाच तरी होते. त्या सरळ एका बेडपाशी गेल्या आणि कोणाची तरी नाडी धरावी तशी दोन बोटं त्यांनी उशीशेजारी टेकवली. मागून एक विद्यार्थिनी चाचरत म्हणाली, "सात नंबरच्या आजी कालच गेल्या. तुम्हाला कोणी सांगितलं? माझी पहिलीच डेथ होती. खूप रडले मी. आमच्या मॅम जवळ बसून राहिल्या, मी गप्प होईपर्यंत."

"हे पहिलं टाक," सिस्टर मला म्हणाल्या.

परतताना रिक्षात मी धीर करून विचारलं, "सिस्टर, तुम्हाला ती माणसं खरंच दिसतात?"

"कोणी दिसत नाही गं. कधीच नाही दिसलं." त्यांनी माझं मनगट धरलं. "बारा नंबर गेले तेव्हा मी घाबरले होते, तुझ्यासारखीच. मेट्रन म्हणाल्या, नाटकं नकोत, पुढचा बेड बघ. मग सांगणार कोणाला? त्यांनाच सांगत बसले. सवयच लागली. तुला नको लागायला."

सात नंबरचा बेड कसा ओळखला, ते मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. बाबांची समजूत काढून मी जुनं कॉलेज पहिलं टाकलं आणि तेच मिळालं.

गेल्या वर्षी सिस्टर गेल्या. माझी ड्युटी होती, मला पोचताही आलं नाही. मी वॉर्डातच रडायला लागले. आमच्या मॅमनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, "कोण होत्या तुझ्या?" मी सांगत राहिले, आणि त्या ऐकत बसल्या.