मधल्या वर्षांचं प्रतिज्ञापत्र

लातूरच्या कोर्टाबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये संगमेश नावाचा टायपिंगवाला बसतो. प्रत्येक प्रतिज्ञापत्राचा मजकूर त्याच्या कॉम्प्युटरवर तयार असतो. नाव, वय, तारीख घातली की काम झालं. वर्षाराणीचं नाव त्यानं अर्ध्या मिनिटात घातलं, स्टॅम्प पेपर प्रिंटरमधून ओढला आणि एका दमात वाचून दाखवला.

"सन दोन हजार चौदापासून आजतागायत मी घरी राहून वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करीत होते. सदर कालावधीत मी कोठेही प्रवेश घेतला नाही व कोणतीही नोकरी केली नाही. वरील मजकूर खरा आहे. हितं सही करा, ताई."

वर्षाराणीनं पेन हातात घेतलं आणि तशीच बसून राहिली.

तीन वाजून गेले होते. सरकारी मेडिकल कॉलेजात तिचा नंबर लागला होता आणि हजर व्हायचा आजचा शेवटचा दिवस होता. पाचच्या आत हा कागद टेबलावर पडला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. वय वर्षं तीस. पुढच्या वर्षी पुन्हा पुस्तकं उघडायची ताकद आपल्यात उरलेली नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

सकाळपासून तिच्या पायांचे तुकडे पडले होते. पहाटे ती नांदेडहून निघाली, त्या बसमध्ये गावाजवळच्या लोह्याला तिचे वडील, दगडोबा, चढले होते. स्वच्छ पांढरा सदरा, टोपी, आणि बोलायला काही नाही म्हणून खिडकीबाहेर लावलेले डोळे. कॉलेजच्या दारातल्या वॉचमननं दोघांकडे बघून सांगितलं, "पालकांनी बाहेर थांबा, लेकराला एकट्याला आत पाठवा." लेकरू म्हणजे मीच, हे पटवायला तिला अ‍ॅलॉटमेंटचं पत्र दाखवावं लागलं. आतल्या बाकावर एका बाईनं सरकून जागा दिली आणि प्रेमानं विचारलं, "तुमची मुलगी कोणती हो?" त्यावर वर्षाराणी हसली. दुसरं काय करणार? आजूबाजूला बसलेली पोरं तिनं बी.एस्सी.ला प्रवेश घेतला तेव्हा पहिली-दुसरीत असतील.

कारकुनानं सगळे कागद तपासले, बरोबरच्या खुणा केल्या, आणि बारावीच्या मार्कमेमोवर बोट ठेवलं. "हे तेराचं. आता पंचवीस चालू आहे. मधली वर्षं? गॅपचं प्रतिज्ञापत्र आणा. पाचपर्यंत आहे मी."

म्हणून ती इथं बसली होती, मधल्या वर्षांच्या समोर.

बारावीनंतर याच लातुरात तिनं परीक्षा दोनदा दिली होती. एका खोलीत सहाजणी, पहाटेपासून क्लास, आणि प्रत्येक भिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे हसरे फोटो. दोन्ही वेळा नंबर हुकला. घरी धाकटा भाऊ भागवत शिकायचा होता, तेव्हा तिनं नांदेडला बी.एस्सी. केलं, त्याच्या जोडीनंच लॅबचा डिप्लोमा केला आणि एका तपासणी लॅबमध्ये कामाला लागली. आठ वर्षं झाली त्याला. रोज सकाळी सातला शटर वर, आणि मग दंडाला पट्टा, "मूठ आवळा, आता सोडा," असं दुपारपर्यंत. लहान पोरांच्या शिरा तिला जशा सापडत तशा लॅबमध्ये कुणालाच सापडत नसत. नळी हातात घेतली की कधी कधी तिला आधीच अंदाज यायचा, काचपट्टी मायक्रोस्कोपखाली धरली की खात्रीच व्हायची. समोरचा माणूस विचारायचा, "काय निघालं हो, ताई?" आणि ती म्हणायची, "डॉक्टरांना विचारा." दिवसातून चाळीसदा. एकदा उमरीकडची एक बाई चार वर्षांच्या लेकीचं रक्त देऊन गेली. काचपट्टीवर काय दिसतंय ते वर्षाराणीला स्पष्ट कळलं होतं. रिपोर्ट न्यायला आल्यावर बाईनं तिचा हात धरून विचारलं, आणि ती म्हणाली, डॉक्टरांना विचारा. त्या दिवशी घरी जाऊन तिनं माळ्यावरची जुनी पुस्तकं खाली काढली. कामावर जायच्या आधी पहाटे तीन तास, असं दोन वर्षं केलं. पहिल्या खेपेला थोडक्यात राहिलं, दुसऱ्या खेपेला लागलं.

एवढी साधी गोष्ट. पण दगडोबांना ती कधी सांगता आली नाही.

झालं असं होतं, की ती नोकरीला लागली त्याच साली एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी दगडोबांना म्हणालं होतं, "काय दगडोबा, पोरीला लघवीच्या डब्या उचलायला घातलं म्हणं?" सगळी पंगत हसली. दगडोबा अर्ध्या जेवणावरून उठले नाहीत एवढंच. त्या दिवसापासून कुणीही विचारलं की त्यांचं एकच उत्तर: "ते समदं खोटं. वर्षा घरीच हाय भागवतापशी नांदेडला. बारावीपासून डॉक्टरकीची तयारी करून राहिली."

आणि इथून तिचं खरं हसं झालं. तयारी करते म्हटल्यावर दर साली निकालाच्या दिवसांत गावाकडून फोन येणारच. लागला का नंबर? न्हाई लागला. पुढच्या साली पुन्हा तेच. खरं तर तिनं परीक्षा उभ्या जन्मात चारदा दिली. गावाच्या हिशोबात मात्र ती बारा वर्षं एकसारखी नापास होत होती. चुलत बहिणींच्या हळदीला, गावच्या जत्रेला, आजीच्या तेराव्यालासुद्धा ती मान खाली घालून गेली आणि जेवण झाल्या झाल्या निघाली. हळूहळू जायचीच बंद झाली. लॅबमध्ये गावचं कुणी आलं तर मास्क डोळ्यांपर्यंत ओढून घ्यायची. आपण पोटापुरतं कमावतो, घर चालवतो, भागवतचं शिक्षण निभावलं, हे तिला कुणाला सांगायची सोय नव्हती. बापाचा शब्द खोटा पडला असता.

आता तोच शब्द स्टॅम्प पेपरवर छापून समोर आला होता.

"हे खरं नाही," ती संगमेशला म्हणाली. "मी बी.एस्सी. केलंय. नोकरी केलीय आठ वर्षं."

संगमेशनं चष्मा वर सरकवला. "ताई, सगळे हेच देतात. नोकरी लिहिली की ते अनुभवाचा दाखला मागतील, सोडल्याचं पत्र मागतील. आनलंय का?"

तिनं आणलेलं नव्हतं.

"मग कामून खरं-खोटं करून राहिलात? पाचला खिडकी बंद होतीय."

दगडोबा पुढं सरकले. सकाळपासूनचं पहिलं लांब वाक्य बोलले. "वर्षा, कर की सही. कोण वाचतंय त्येला? इतकी सालं निघाली, आता काठावर येऊन पाय घसरू देऊ नको, माय."

त्यांच्या आवाजात दटावणी नव्हती, काकुळत होती, आणि त्यानंच तिला जास्त थकल्यासारखं झालं. सही करणं सोपं होतं. पेन टेकवायचं, नोटरीचा शिक्का घ्यायचा, रिक्षात बसायचं. पण मजकूर खरा आहे म्हणून शपथेवर लिहून द्यायचं, की ही आठ वर्षं झालीच नाहीत? ती हजारो माणसं, त्यांचे दंड, ती उमरीची बाई, यातलं काहीच घडलं नाही? तिला इतका राग आला, की पेन बाजूला ठेवताना ते टेबलावरून घरंगळून खाली पडलं.

"आप्पा, गावात तुम्ही काय सांगता ते मी कधी खोडलं नाही," ती म्हणाली. "पण हे मी लिहून देणार नाही. जागा गेली तर गेली."

दगडोबा खाली वाकले. त्यांनी पेन उचललं, सदऱ्याला पुसलं आणि टेबलावर ठेवलं.

संगमेशनं नवा स्टॅम्प पेपर घातला. वर्षाराणी सांगत गेली, तो टाइप करत गेला: बी.एस्सी. कधी, मग कुठल्या सालापासून, कुठल्या लॅबमध्ये, काय काम. रक्त, लघवी, थुंकी यांचे नमुने घेणे व तपासणे. दगडोबा तेवढ्या वेळात रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. नोटरी चहाला गेले होते. ते येईस्तोवर चार वाजून वीस मिनिटं झाली.

रिक्षातून उतरून ती कॉलेजच्या जिन्यावरून पळाली, म्हणजे तीस वर्षांचं दमलेलं माणूस जितकं पळतं तितकी. कारकुनानं कागद घेतला. या वेळी तो ओळ न ओळ वाचू लागला.

"नोकरी? दाखला कुठाय?"

"नाही आणला. उद्या आणून देते."

कारकून उठून आतल्या टेबलापाशी गेला. तिथं बसलेल्या पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीण बाईंनी कागद बघितला, मग मान वर करून तिला बघितलं. "आठ वर्षं नमुने घेतलेत? मग पोरांना शिकवा जरा, शीर कशी शोधायची ते. दाखला आठ दिवसांत द्या." आणि सही केली.

इतकंच. जागा मिळाली होती. वर्षाराणीला वाटलं होतं की या क्षणी रडू येईल, पण तिला फक्त कुठंतरी आडवं व्हावंसं वाटत होतं.

ती बाहेर आली तेव्हा दगडोबा पायरीवर बसून फोनवर बोलत होते. पलीकडे गावातले ग्यानोबा होते, त्यांचे चुलत भाऊ, दर साली निकालाला न चुकता फोन करणारे. दगडोबांचा आवाज चढला होता, चेहरा फुलला होता. "हाव, लागला! सरकारी! बारा साल घरात बसून अभ्यास केला पोरीनं, पर हार न्हाई मानली!"

ती ऐकत उभी राहिली. मग तिनं हात पुढं केला. चुलत्याला आनंदाची बातमी स्वतः सांगणार असेल, असं समजून दगडोबांनी फोन दिला. ती चार पावलं लांब, झाडाखाली गेली.

"काका, मी घरी बसले नव्हते," ती म्हणाली. "मी लॅबमध्ये कामाला होते. आठ वर्षं. रक्त-लघवी तपासत होते."

ग्यानोबा हलक्या आवाजात म्हणाले, "अगं माय, मला ठावं हाय की."

"काय?"

"सगळ्या गावाला ठावं हाय. मागल्या साली तुझ्या काकूचं रक्त कुणी काढलं? तोंडाला मास्क लावला म्हणून काय झालं, तिनं तुझा आवाज वळखला. घरी येऊन म्हणली, वर्षाचा हात लई हलका हाय, सुई टोचल्याली कळली न्हाई. गावातली अर्धी माणसं तिकडंच जात्यात, तू असतीस म्हणून."

वर्षाराणीनं विचारलं, "मग दर साली फोन करून विचारत होता ते? नंबर लागला का म्हणून?"

"न्हाई इचारलं तर दगडोबाला कळंल ना, आमाला ठावं हाय म्हणून. त्येला वाईट वाटंल. त्या लग्नात मीच बोललो होतो, माय. डब्याचं."

फोन बंद झाला तरी ती तो कानाला लावून उभी होती. जत्रा आठवली, हळदी आठवल्या, आजीचं तेरावं आठवलं. ज्यांच्यापासून तोंड लपवत फिरलो, त्यांना सगळं माहीत होतं. संताप आला, आणि त्या संतापाला उभं राहायलासुद्धा अंगात बळ नाही हेही लक्षात आलं.

दगडोबा पायरीवरून उठून जवळ आले. टोपी काढून डोक्यावरचा घाम पुसत होते. डोळे लहान पोरासारखे तिच्याकडे लागून राहिले होते.

"काय म्हणला गं ग्यानोबा? इश्वास बसला का त्येचा?"

वर्षाराणीनं फोन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातला.

"बसला, आप्पा," ती म्हणाली. "म्हणाले, घरात बसून इतकी वर्षं अभ्यास करणं सोपं नाही."