नाव झाकलेला अर्ज

आमच्या ऑफिसात त्याला सगळे ‘तिखट’ म्हणतात आणि तो त्या नावाला ओ देतो. लोकांच्या वेबसाइट बनवणारी आमची छोटी टीम. नवा माणूस घ्यायचा की नाही, हे ठरवायचं काम तिखटकडे. माणूस मनाने वाईट नाही, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलणं तरी परवडलं, लिहायला बसला की विचारूच नका.

माणसं निवडायचं एक सॉफ्टवेअर त्यानेच हट्टाने आणलं होतं. उमेदवार घरून एक वेबपान बनवून पाठवतो. तपासणाऱ्याला नुसता नंबर दिसतो, नाव झाकलेलं. कुणाचा भाचा, कुणाचा मेहुणा ही भानगडच नको. शेरा लिहून ‘नको’ दाबलं की शेरा जसाच्या तसा उमेदवाराला जातो, आणि मगच नाव उघडतं. ‘आपण तोंडावर खरं सांगतो,’ असं तो घरीदारी छाती फुगवून सांगायचा. खरं सांगायला एवढं मीठमिरची कशाला लागतं, हे त्याला कुणी विचारलं नाही. चहाच्या वेळी तो शेरे वाचून दाखवायचा आणि आम्ही खिदळायचो.

त्या दिवशी असंच एक पान आलं. मोबाइलवर ते आडवं सरकत होतं, ‘पाठवा’चं बटण पडद्याबाहेर गेलेलं. तिखटने लिहिलं, ‘हे बनवणाऱ्याने गेली दहा वर्षं झोप काढलेली दिसते. अजून झोपायला हरकत नाही.’ आम्हाला वाचून दाखवलं, आमचं हसून झालं, मग ‘नको’ दाबलं. नाव उघडलं आणि तो चहा तसाच टाकून उठला.

नाव त्याच्या वहिनीचं होतं. थोरला भाऊ, वहिनी आणि हा, एकाच घरात राहतात. वहिनी पूर्वी हेच काम करायची, याच्याही आधीपासून. मग यांची आई अंथरुणाला खिळली. दोन्ही लेकांना नोकऱ्या होत्या. नोकरी सुनेलाही होती, पण ती सुटली. कूस बदलणं, भरवणं, हाकेला उठणं, सगळं वर्षानुवर्षं तिने केलं. यंदा आई गेली. वहिनीने कुणाला न सांगता पुन्हा शिकायला घेतलं आणि पहिला अर्ज दिराच्याच ऑफिसात टाकला. तिथे वशिला चालत नाही, हे तिने त्याच्याच तोंडून ऐकलं होतं.

पुढचं त्याने आम्हाला नंतर सांगितलं, मान वर न करता.

संध्याकाळी वहिनीने नेहमीसारखं ताट वाढलं. त्याने उचललेला घास परत ताटात ठेवला.

“वहिनी, ते तुमचं आहे हे मला माहीत नव्हतं.”

“माहीत असू नये म्हणूनच नाव झाकता ना, भाऊजी? काम जुनं झालंय माझं, ते बरोबरच आहे. झोपेचं तेवढं चुकलं.”

“कसली झोप?” थोरल्याने विचारलं. तिखटला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून त्या सगळ्या वर्षांत तो आपल्या खोलीचं दार लावून झोपत होता. सकाळी ऑफिस असायचं.

“मी उद्या बोलतो ऑफिसात. पुन्हा बघायला लावतो.”

“नको. तो वशिला झाला.” ती ताटं उचलू लागली. “अजून दोन ठिकाणी पाठवणार होते. राहू दे आता.”

“ते पान दाखवता मला?”

तिने हात पुसले आणि लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. तो पानामागचा कोड वाचत राहिला. मग म्हणाला, “इथे रुंदी एका आकड्यात बांधलीय. पडद्याप्रमाणे कमीजास्त होऊ द्या, बटण आत येईल.”

वहिनीने उभ्याउभ्याच ती ओळ बदलली. बटण आत आलं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“एवढंच होतं?”

“एवढंच.”

“मग एवढंच लिहायचं होतं ना, भाऊजी.”