आईचा नंबर

हिवाळा ओसरत आला की कोल्हापूरजवळ कळंब्याच्या पुढच्या रस्त्यावर अजूनही एखादं गुऱ्हाळ धूर सोडत असतं. परवा त्या बाजूनं जाताना गाडीची काच खाली होती आणि उकळत्या रसाचा तो दाट, किंचित करपट गोडवा एकदम आत शिरला. मला बाबांचा शर्ट आठवला. गुऱ्हाळाच्या दिवसांत त्यांच्या कपड्यांना स्पिरिट आणि गूळ असा जोडवास यायचा. रस उकळायच्या मोठ्या कढईचा, काहिलीचा, चटका बसलेला कुणी ना कुणी गडी बाबांच्या दवाखान्यात यायचाच. आणि पट्टी बदलायला तो परत आला नाही, तर बाबाच स्कूटर काढून गुऱ्हाळावर जायचे, चुलवणाच्या धगीत उकिडवे बसून त्याचा हात मांडीवर घ्यायचे. परतताना कुणीतरी पिशवीत गुळाचा खडा टाकलेला असे. आई तो डब्यात ठेवायची आणि म्हणायची, "आज परत गुऱ्हाळावर का?" त्यात राग असा नसे. पण जेवण पुन्हा गरम करायला ती उठायची, तेव्हा भांड्यांचा आवाज जरा जास्त व्हायचा.

नव्वदच्या दशकातला तो दवाखाना म्हणजे रस्त्याकडेच्या आमच्या घराचा तळमजला. वर आम्ही, खाली गाव. मधे एक अरुंद जिना, आणि त्या जिन्यावर दिवसभर आई. उकळलेल्या सुया खाली न्यायच्या, लांबून आलेल्या म्हातारीला चहा द्यायचा, रडणारं पोर वर आणून त्याच्या हातात बिस्कीट द्यायचं. तिच्या पावलांचा आवाज घड्याळासारखा आमच्या घरात मुरलेला होता. आणि घड्याळाचा आवाज जसा ऐकू येईनासा होतो, तसा तोही आम्हाला ऐकू येत नसे.

आमचं घर बौद्ध. आमच्या वस्तीतून शिकून डॉक्टर झालेले बाबा पहिले. कोल्हापुरात मोठ्या रस्त्यावर दवाखाना थाटता आला असता. त्यांनी मुद्दाम गावाची वाट धरली. सुरुवातीला गावातली काही माणसं औषध घ्यायची, पण गोळीबरोबरचं पाणी घरनं आणायची. बाबांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पुढं त्याच घरातले लोक आमच्या ओट्यावर बसून चहा पिऊ लागले, पण मला वाटतं, ती सुरुवातीची वर्षं बाबांच्या अंगात कायमची राहिली. नाही म्हणायची मुभा इतर डॉक्टरांना असेल, आपल्याला नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. जेवणावरून उठले, लग्नाच्या मांडवातून उठले, माझ्या शाळेच्या कार्यक्रमातून उठले. "आलोच," म्हणायचे. तो शब्द आम्ही इतका ऐकला, की त्याचा अर्थ आमच्यापुरता 'गेलो' असाच झाला.

मी कॉलेजात होते तेव्हाची ती सकाळ. बाजाराचा दिवस, दवाखाना गच्च भरलेला. मी काहीतरी विचारायला जिना उतरले आणि पाहिलं, तर बाकावर पेशंटांच्या रांगेत आई बसलेली. अंगावर बाहेर जायचं लुगडं, मांडीवर हात. शेजारची म्हातारी जागची उठून म्हणत होती, "जावा की वैनी तुमी आदी, तुमास्नी कसला नंबर?"

"नको मावशी," आई म्हणाली, "नंबरानंच जाते."

मला वाटलं, ती काहीतरी गंमत करतेय. पण ती माझ्याकडं बघून हसली नाही. पुढचे सगळे आत जाऊन आले, आणि मग ती उठून आतल्या स्टुलावर जाऊन बसली. बाबा आधीच्या पेशंटचं काहीतरी लिहीत होते. मान वर न करता त्यांनी सवयीनं विचारलं, "काय त्रास होतोय?"

"दम लागतोय," आई म्हणाली. "जिना चढला की छातीत धडधडतंय. आडवं पडलं की श्वास कोंडतोय."

बाबांनी मान वर केली. दाराचा पडदा अर्धा सरकलेला होता, त्यामुळं बाकावरच्या सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी नळी कानाला लावली आणि ऐकू लागले. एवढा वेळ त्यांना कुणाच्या छातीला नळी लावून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जागा बदलून ऐकलं, तिला कुशीवर निजवून ऐकलं. मग त्यांनी नळी काढून टेबलावर ठेवली आणि आईचा हात हातात घेतला. नाडी बघायला घेतला असेल असं वाटलं, पण त्यांचं लक्ष मनगटी घड्याळाकडं नव्हतं. त्या दिवशी बाकीच्यांना त्यांनी परत पाठवलं. बाजाराच्या दिवशी दवाखान्याचं दार बंद झालेलं गावानं तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

कोल्हापुरातल्या हृदयविकाराच्या डॉक्टरांनी सांगितलं, की लहानपणी सांधे धरून आलेल्या तापानं हृदयाची झडप आकसलेली आहे, आणि ती वर्षानुवर्षं आकसतच गेली आहे. आता फुप्फुसांवर दाब आलाय, ऑपरेशन करू, पण आधी आला असतात तर बरं झालं असतं. हे वाक्य बाबांनी स्वतः कितीजणांना सांगितलं असेल. तेव्हा ते टेबलाच्या पलीकडं असत. त्या दिवशी अलीकडच्या खुर्चीत बसून त्यांनी ते ऐकलं आणि समोरच्या तरुण डॉक्टरला "हो, साहेब" म्हणाले.

ऑपरेशन झालं. काही दिवसांनी आई गेली.

दवाखाना बंद राहिला. मग एका दुपारी गुऱ्हाळावरच्या एका बाईला तिच्या माणसांनी भाजलेल्या हातानिशी दारात आणलं, आणि बाबा खाली उतरले. त्यानंतर ते पूर्वीसारखेच काम करू लागले, फक्त एक नवीन गोष्ट सुरू झाली. पोराला घेऊन आलेली आई, सासूला धरून आणलेली सून, नवऱ्यामागं उभी राहिलेली बायको, जी कोण सोबत येई तिला ते म्हणत, "आता तुम्ही बसा."

"मला काय झालंय? मी सोबत आलीया न्हवं!"

"व्हय, तरी बसा."

काहीजणी लाजायच्या, काही चिडायच्या. "ह्यो डाक्टर धडधाकट माणसाला बी तपासतोय," म्हणून पारावर हसणंही झालं. बाबा तपासत राहिले. अशाच एका सोबत आलेल्या सुनेच्या छातीत त्यांना झडपेचा आवाज ऐकू आला. घरचे म्हणत होते, "कामाचा कंटाळा हाय तिला, दुसरं काय न्हाय." बाबा त्यांच्यावर ओरडले. उभ्या हयातीत ते एकदाच कुणावर ओरडलेले मला माहीत आहे. मग स्वतः तिला घेऊन कोल्हापूरला गेले, ऑपरेशन होईपर्यंत खेपा घालत राहिले. ती मुलगी बरी झाली. बातमी कळली त्या संध्याकाळी मी आनंदानं म्हटलं, "बाबा, वाचली ती!"

"हो," ते म्हणाले. मग म्हणाले, "आवाज अगदी तसाच होता." आणि उठून आत गेले.

पुढं, दोन हजारनंतरच्या काही वर्षांत, त्यांना कमी ऐकू यायला लागलं. छातीतले बारीक आवाज निसटू लागले, तेव्हा त्यांनी आपण होऊन दवाखाना बंद केला. एका दुपारी मलकापूरची आत्या, त्यांची धाकटी बहीण, भेटायला आली होती. तिघं गच्चीत बसलो होतो. आईचा विषय निघाला आणि आत्या म्हणाली, "वैनी लई सोशिक. कधी बोलल्याच न्हाईत. सगळं अंगावर काढलं."

हे वाक्य आमच्या घरात इतक्यांनी, इतक्या वर्षांत म्हटलं होतं, की त्याला कुणी उत्तर देत नसे. बाबांना ऐकू आलंय असंही मला वाटलं नाही.

"बोलली होती," बाबा म्हणाले.

"कधी?" आत्यानं विचारलं.

"दोनदा बोलली. मी जेवत होतो. म्हटलं, रक्त कमी असेल, खालनं गोळ्या घे. आणि हात धुऊन उतरलो. पेशंट थांबले होते." मग म्हणाले, "म्हणून ती खाली येऊन बसली."

"जाऊ दे की दादा," आत्या म्हणाली, "किती वर्सं झाली." त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नाही, कोण जाणे.

बाबा जाऊनही आता बराच काळ लोटलाय. त्या भागात गेले की अजून कुणीतरी थांबवतं, "डाक्टरांची लेक न्हवं तुमी?" म्हणतं, आणि मग बाबांनी कुणाला कसं वाचवलं ते सांगतं. ते सगळं खरं असतं. मी ऐकते, माझे डोळे भरून येतात, आणि त्याच वेळी आत कुठंतरी एक माणूस ताटावरून उठून हात धुताना दिसतो. एक चित्र दुसऱ्याला पुसत नाही. इतक्या वर्षांत दोन्ही शेजारी शेजारी राहायला शिकली आहेत. आई गेली त्या वयाच्या पुढं मी कधीच निघून आले. माझी मुलगी तिच्या आजीबद्दल विचारते तेव्हा मी पुष्कळ सांगते, तिच्या हातचं, तिच्या बोलण्याचं, तिच्या हसण्याचं. सोशिक हा शब्द मात्र मी वापरत नाही.