दातानं ऐकणारे नत्थूजी

पौषातली सकाळ. आर्वीच्या नाक्यावर धुकं असं बसलं होतं, की सरकी काढायच्या जिनाकडे कापूस घेऊन निघालेल्या बंड्यांच्या बैलांच्या घंटा आधी ऐकू यायच्या, बैल मग दिसायचे. नत्थूजी मिस्त्री कानटोपी बांधून घरापुढच्या टपरीत उकिडवे बसले होते आणि बायकोच्या स्टोव्हचा पंप उघडत होते. कितीही पंप मारा, हवा धरत नव्हता.

"अजी, होते का नाई ते?" सुमित्राबाईंनी दारातून विचारलं. मग पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारून त्या चुलीकडे वळल्या. तीस वर्षं इंजिनांशेजारी उभं राहून नत्थूजींचे कान अधू झाले होते. गावाला त्याची फिकीर नव्हती. नत्थूजी दातानं ऐकतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

टपरीसमोर रूपरावचा जुना ट्रक दवात भिजून उभा होता. जिनातल्या कापसाच्या गाठी पुलगावच्या स्टेशनावर पोचवायचं काम रूपराव दरसाल करायचा. ऐन हंगामात इंजिन ठोकायला लागलं. जिनाच्या फाटकाशी एका मिस्त्रीनं बोनेट न उघडताच सांगितलं, क्रँकचं बेअरिंग गेलं, इंजिन खोलावं लागेल, महिना लागेल. महिनाभर ट्रक उभा राहिला की गाठी दुसऱ्याच्या ट्रकात जाणार, आणि एकदा गेलेलं काम परत येत नाही. आदल्या संध्याकाळी रूपराव नत्थूजींकडे आला, तर त्यांनी गाडीला हातही लावला नाही.

"गरम गाडी लबाड बोलते. ठेव इथंच. सकाळी थंडीत ऐकीन."

आता रूपराव घोंगडं पांघरून आला, केबिनमध्ये चढला आणि इंजिन चालू केलं. कडकडकडकड! कुणी आत बसून पत्रा कुटत असावं तसं. त्याचा चेहरा उतरला.

नत्थूजींनी हातभर लांब पेचकस उचलला. टोक खाली तेलाच्या चेंबरला टेकवलं, लाकडी मूठ दाढेत धरली, डोळे मिटले. मग टोक वर नेऊन, व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट ज्याखाली असतात त्या झाकणावर ठेवलं. पुन्हा खाली. पुन्हा वर.

"काय म्हनते?" रूपराव ओरडला.

नत्थूजींनी मूठ न सोडता एक बोट वर केलं. थांब. दहा मिनिटं तसेच वाकून उभे. इंजिन तापलं तसा आवाज बसत गेला. तेव्हा कुठं त्यांनी मूठ तोंडातून काढली आणि गाडी बंद करायला लावली.

"खाली काईच नाई. बेअरिंग गेलं असतं, तं तापल्यावर आवाज वाढला असता. आन् तो धपधप येते, असा कडकड नाई. हे वरचे टॅपेट हायेत. कोरडे कुटून राह्यले."

"कोरडे कसे? तेल तं पट्टीवर पुरं हाये!"

नत्थूजींनी तेलाची पट्टी ओढली. पट्टीच्या टोकाला तेल काकवीसारखं लोंबलं आणि लोंबतच राहिलं. त्यांनी ते चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं. गंधकासारखा कुजका वास.

"रूपराव, हे गेअरचं तेल हाये. इंजिनात काऊन भरलं बे?"

रूपराव घोंगड्याच्या दशा ओढत त्यांच्या कानाजवळ आला. "गाडी लई तेल खाऊन राह्यली होती. आमचे बाबा जुन्या बंडीच्या चाकाले घट्टच वंगण देत. जेवढी बंडी जुनी, तेवढं वंगण घट्ट. चाक बोलत नोव्हतं."

"हे त्या मिस्त्रीले सांगतलं होतं?"

"नाई. हासला असता."

"मंग मी काय रडून राह्यलो?" नत्थूजी पोट धरून हसत होते. "लेका, बंडीचं वंगण चाकाच्या आतच राह्यते. इथं तेलाले हातभर वर चढा लागते. या थंडीत तुयं तेल खालीच घोंगडं पांघरून निजते, आन् वर टॅपेट ठणाणा करते."

"मंग इंजिन खोला नाई लागत?"

"अजून पंधरा दिवस असाच चालवतास, तं खोलाच लागलं असतं."

इंजिन गरम होतं तोवरच त्यांनी ते तेल उतरवलं. पातळ तेल घालून इंजिन धुतलं, फिल्टर बदलला, तीस नंबरचं तेल भरलं. "हिवाळ्यात तीस. होळी पेटली का चाळीस, जरा घट्ट. थोडं खाईन तं खाऊ दे, म्हातारं हाये. रोज सकाळी पट्टी पाह्यजो."

"आज गाठी नेऊ?"

"उद्या. थंडीत ऐकल्याशिवाय मी हो म्हनत नाई."

दुसऱ्या दिवशी तेच धुकं. इंजिन चालू झालं, दोन-चार ठोके देऊन खडखडलं आणि दबलं. मागे फक्त बारीक टिकटिक राहिली. नत्थूजींनी पेचकस दाढेत धरला, बराच वेळ. रूपराव केबिनमधून मान बाहेर काढून बघत होता.

"एक टॅपेट बोलून राह्यला," ते म्हणाले. "बोलू दे. जुनी गाडी पुरी चूप झाली, तं मले भेव वाटते. जाय आता, गाठी भर."

ट्रक जिनाकडे वळला. धुक्यात दिसेनासा झाल्यावरही नत्थूजी पायाचा तळवा जमिनीवर दाबून त्याची थरथर अजमावत होते.

मागून सुमित्राबाई आल्या आणि कालचा उघडा पंप त्यांच्या हातात ठेवला. नत्थूजींनी दांडा ओढला. टोकाचं चामड्याचं वायसर वाळून खडंग झालं होतं.

"गोडं तेल आन थोडं."

सुमित्राबाई त्यांच्या कानाशी वाकल्या आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाल्या, "घट्ट आनू का पातळ?"

नत्थूजी हसले, खाली बसले आणि अंगठ्यानं वायसरची वाळकी कड हळूहळू नरम करू लागले.