नीलमाच्या खिडकीतली लाल रेघ

विद्यापीठात तिला सगळे काळोखबाई म्हणत. नाव ठेवणाऱ्याला तरी दोष कसा द्यायचा? खोलीला जाड काळे पडदे, दाराच्या फटीवर चिकटवलेली काळी पट्टी, आणि आत ही बाई लेसरच्या हिरव्या किरणापुढे तांदळाच्या दाण्याएवढा स्फटिक बसवून तो कोणत्या रंगाने उजळतो ते पाहत असायची. सासू शेजारणींना सांगे, आमची सून दिवसाढवळ्या अंधार करायला जाते आणि वर पगार घेते. सांगताना म्हातारीची मान मात्र ताठ असे.

नाटकाचा खेळ उभा राहतो तो अंधारातच, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या बाईची थोरवी कळेल. थंड डब्यात गोठवलेल्या स्फटिकाने टाकलेला इवलासा उजेड यंत्र रंगारंगांत फोडून आलेख काढी, आणि त्यातली एकेक रेघ ती लेकराच्या हाकेसारखी ओळखायची.

अशीच एक गडद लाल रेघ तिला स्वतः घडवलेल्या स्फटिकात सापडली. कुणीच न पाहिलेली! वर्षभर ती त्या रेघेने झपाटली होती. प्राध्यापकपदाची निवड तोंडावर आलेली, समितीपुढचं व्याख्यानही याच रेघेवर. नवऱ्याने तर तिचा कोट इस्त्री करून दाराला टांगून ठेवला होता.

आदल्या दुपारी तिच्या विद्यार्थिनीने स्फटिक पुसायला बाहेर काढला. जागा रिकामीच आहे तर एकदा तशीच मोजून घेऊ, असं बाई म्हणाली. लेसर सुरू झाला आणि यंत्राच्या पडद्यावर तीच लाल रेघ उभी राहिली. रंगमंचावर नट नाही आणि संवाद मात्र ऐकू येतोय, तशी गत.

दोघी थंड डब्याच्या खिडकीकडे बघत राहिल्या; लेसर आत जाई तो तिच्यातूनच. जुनी काच तडकली म्हणून वर्षापूर्वी तिथे नीलमाची बिनरंगी चकती बसवली होती. पण नीलम आणि माणिक एकाच आईची लेकरं. नीलमात क्रोमियमचा अंश जरी राहिला, तरी लेसर पडताच तो माणकासारखा लाल उजळतो. खिडकी बदलली, पण रिकाम्या जागेची मोजणी पुन्हा करायची राहूनच गेली होती.

"मॅडम, परवा सांगितलं तर नाही का चालणार?" विद्यार्थिनीने हळूच विचारलं.

"परवा कदाचित मी प्राध्यापक असेन," बाई म्हणाली. "मग सांगायला जीभ आणखी जड होईल."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा कोट घालून ती समितीपुढे उभी राहिली आणि पहिलाच आलेख दाखवला तो रिकाम्या जागेचा. खिडकीने आपल्याला कसं बनवलं, हे तिने इतकं रंगवून सांगितलं की समिती हसली. पद मात्र दुसऱ्याला गेलं.

घरी सासूने सगळं ऐकून घेतलं. सुनेच्या पानात वाढता वाढता एवढंच म्हणाली, "खिडकी टाकून देऊ नकोस हो. इतकी चमकणारी खिडकी शोधून मिळायची नाही."

बाईने ती ठेवली. ती रेघ आपली जागा सोडत नसे, म्हणून तिलाच मैलाचा दगड धरून बाई बाकीच्या रेघांच्या जागा मोजू लागली. त्याच मोजणीत विद्यार्थिनीला एक फिकट रेघ सापडली, स्फटिकाची स्वतःची, खरीखुरी. पुढच्या निवडीत बाई प्राध्यापक झाली. समितीतल्या एकाने आलेखाच्या टोकावर बोट ठेवून विचारलं, ही लाल कुणाची?

"ती होय?" काळोखबाई म्हणाली. "ती आमच्या घरचीच आहे."