जिनगराची सून

कुठल्याही इंग्रजी खेड्यात गेलं की रिबेकाबाई आधी चर्चच्या आवारात शिरायच्या. छत्रीच्या टोकानं थडग्यावरचं शेवाळ खरवडायचं, चष्मा कपाळावर ढकलायचा, वाकून नाव वाचायचं आणि नाव त्यांच्या सासरचं निघालं, तर जवळचा एखादा खडा उचलून त्या दगडावर ठेवायचा. खडा ठेवायचा रिवाज यहुद्यांचा, खाली झोपलेला माणूस ख्रिस्ती आणि पुटपुटणं अस्सल मराठीत: "आले हो मामंजी. ओळख नाही, पण आले."

त्या मुंबईच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांतल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तिथल्या एका इस्पितळात नर्स होत्या. आर्थर थर्लो नावाचा एक गोरा शिपाई कावीळ होऊन त्यांच्या वॉर्डात आला, बरा झाला आणि तरीही येत राहिला. लग्न करून दोघं इंग्लंडला आली आणि लंडनच्या कडेला इल्फर्डला राहिली. एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या नवऱ्याला तिथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली, तेव्हा आम्ही त्यांच्या शेजारच्या घरात राहायला गेलो. पहिल्याच आठवड्यात मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना वाऱ्याला मराठीत शिव्या घालत होते. कुंपणापलीकडून आवाज आला, "बाय, चिमटे दोन-दोन लाव. इकडचा वारा लुगडीसुद्धा पळवतो." परक्या मुलखात ते वाक्य ऐकून मला रडूच आलं. तेव्हापासून त्या माझ्या रिबेकाबाई आणि मी त्यांची नुसती 'सुमन'.

आर्थर उंच, लांब हनुवटीचा, अबोल माणूस. मोटारींच्या कारखान्यात सीटा शिवायचा. रविवारी गल्लीतल्या पोरांची फाटकी दप्तरं घेऊन बसायचा आणि इतक्या एकसारख्या टाक्यांनी शिवायचा, की ते टाके बघत राहावेत. एका हिवाळ्यात हृदय बंद पडून तो गेला. अंत्यविधीला त्याच्या बाजूचं एकही माणूस नव्हतं. घरी आल्यावर त्यांची मुलगी रूथ, तेव्हा शाळेत होती, तिनं आईला विचारलं, "डॅडचं कुणीच नव्हतं?"

त्या संध्याकाळी रिबेकाबाई माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाल्या, "होतं ग. सगळं होतं. माझ्यामुळे सुटलं."

बोटीतून उतरल्यावर त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, तुझ्या आईला भेटायला कधी जायचं? तो म्हणाला होता, "तिकडे आपल्याला जाता येणार नाही." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. "काय समजायचं ते मी समजले. काळी सून, त्यात यहुदी. कोण घरात घेणार?" आर्थरनं मात्र त्यांना उभ्या जन्मात एक वाकडा शब्द ऐकवला नव्हता, आणि त्यामुळे त्यांना जास्तच अपराधी वाटायचं. एका माणसाचं सगळं गोत आपण तोडलं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

मग त्यांनी ते गोत शोधायला घेतलं. हातात काय होतं? लग्नाच्या दाखल्यावर सासऱ्याचं नाव, त्यापुढे धंदा, आणि 'सफोक' हे जिल्ह्याचं नाव, एवढंच. घोड्याचं खोगीर करणाऱ्याला मराठीत काय म्हणतात, असं त्यांनी मला विचारलं. आमच्या गावी जिनगर आळी होती, ते मी सांगितलं. "म्हणजे मी जिनगराची सून!" असं म्हणून त्या हसल्या. आर्थर गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

त्या एका वृद्धाश्रमात काम करायच्या. सुट्टीच्या दिवशी लंडनमधल्या मृत्युपत्रांच्या कचेरीत जाऊन बसायच्या. थर्लो नावाचे जिनगर सफोकमधल्या एका खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या होते, असा सुगावा तिथंच लागला. मी नुकतीच गाडी चालवायला शिकले होते. मग महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही दोघी आमच्या जुन्या मोटारीतून तिकडे निघायचो. सोबत पोळीची गुंडाळी आणि थर्मासमधला चहा. जुनी मृत्युपत्रं तिथल्या जिल्ह्याच्या दप्तरखान्यात होती. एका थर्लोनं थोरल्या मुलाला चामडं शिवायची आरी, कापायची रापी आणि दुकान दिलं होतं. बायकोला चुलीजवळची खोली आणि झाडावरची अर्धी सफरचंदं. आणि ती पुन्हा लग्न करील तर खोलीही नाही आणि सफरचंदंही नाहीत. रिबेकाबाईंनी ते मला मराठीत करून सांगितलं आणि म्हणाल्या, "बघ, मेला तरी पहारा सुटला नाही. पण मृत्युपत्रात माणूस खरं बोलतो हो. भांडायला तो मागे उरत नाही ना."

जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी तेव्हा गावोगावच्या चर्चमध्येच असायच्या, लोखंडी पेटीत. पहिल्या वेळी तिथले व्हिकार, म्हणजे गावचे पाद्री, किल्ली हातात धरून आमच्या दोन्ही साड्यांकडे बघत राहिले.

"आपला या गावाशी काही संबंध?" त्यांनी फार सभ्यपणे विचारलं.

"लग्नाचा," रिबेकाबाई म्हणाल्या. "तुमचा एक थर्लो आमच्या घरात दिलाय."

व्हिकारांनी पेटी उघडली. दुपारी त्यांची बायको हॅमची, म्हणजे डुकराच्या मांसाची, सँडविचेस घेऊन आली. आम्हा दोघींनाही चालणार नव्हती, कारणं वेगवेगळी. मग तिनं आतून चीज आणलं आणि तीही आमच्याबरोबर नावं शोधायला बसली. एका घरात मेरी नावाच्या तीन मुली जन्मल्या होत्या; पहिल्या दोघी पाळण्यातच गेल्या आणि तेच नाव पुन्हा तिसरीला ठेवलं. "तिसरीला हाक मारताना आईला काय वाटलं असेल ग?" असं म्हणून रिबेकाबाई थांबल्या. व्हिकारांच्या बायकोला मराठी कळत नव्हतं, पण तिनंही पान उलटलं नाही.

अशी काही वर्षं गेली. आर्थरच्या पणज्या-खापरपणज्यांची नावं मलाही तोंडपाठ झाली. आणि हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आर्थरचा आजा ते खेडं सोडून जवळच्याच एका बाजाराच्या गावात गेला होता आणि त्यानं तिथं दुकान थाटलं होतं. हे रिबेकाबाईंना फार आधी कळलं होतं. येता-जाता त्या गावाची पाटी लागायची. पाटी दिसली की त्या म्हणायच्या, "आज नको. उशीर झालाय." कधी पाऊस असायचा, कधी रूथ घरी एकटी असायची. आम्ही मागे मागे जात राहिलो आणि पुढे यायचं नावच नाही.

एकदा मी त्यांना विचारलंच. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मेलेली माणसं दार लावून घेत नाहीत, सुमन."

पुढे रूथ शिकून केंब्रिजला नोकरीला लागली, रिबेकाबाईंचा दमा वाढला, तेव्हा एका शनिवारी परतताना मी न विचारता गाडी त्या पाटीकडे वळवली.

"काय करतेस?"

"मागचे झाले सगळे. आता पुढचे बघू."

त्यांनी पर्स छातीशी धरली, पण 'फिरव' म्हणाल्या नाहीत.

दुकान बाजारपेठेतच होतं. दारावर थर्लो हेच नाव. काचेत कुत्र्यांचे पट्टे, शाळेची दप्तरं आणि एकच जुनं खोगीर. गल्ल्यामागे उंच, पांढऱ्या केसांची बाई उभी होती. ती आर्थरची बहीण, हे तिच्या हनुवटीवरून मलाही कळलं. रिबेकाबाईंनी घरून घोकून आणलेलं सगळं इंग्रजी विसरून एवढंच सांगितलं, "मी आर्थरची बायको."

त्या बाई, ईडिथ त्यांचं नाव, खुर्ची ओढून बसल्या. "आर्थर जिवंत आहे?"

"नाही. बरीच वर्षं झाली."

"कुठे? इंडियात?"

"इल्फर्डला," रिबेकाबाई म्हणाल्या.

ईडिथबाईंना ते समजेचना. आर्थरनं लढाई संपल्यावर घरी एकच पत्र धाडलं होतं: आपण इंडियातच राहतो आहोत, काम चांगलं आहे, काळजी करू नका. त्यानंतर काही नाही. आई म्हणायची, त्याला थंडी कधीच सोसली नाही, तिकडे उन्हात बरा असेल. बाप गेला तेव्हा कळवायला पत्ता नव्हता. आईही मागच्याच वर्षी गेली होती. शेवटपर्यंत शुद्धीवर होती.

"मागच्या वर्षी?" रिबेकाबाईंनी दोनदा विचारलं.

"हो. वरच्याच खोलीत."

मागच्या वर्षी आम्ही तीन कोसांवरच्या खेड्यात थडगी खरवडत होतो.

"तुम्ही त्याला टाकलं नव्हतं?" रिबेकाबाईंचा आवाज फाटला. "माझ्याशी लग्न केलं म्हणून?"

"तुम्ही आहात हेच आम्हाला माहीत नव्हतं." ईडिथबाई खोटं बोलून धीर देणाऱ्यातल्या नव्हत्या. "आईला तुम्ही चालला असतात का, ते मला सांगता येणार नाही. कदाचित नसतात चालला. पण त्यानं विचारायला तर हवं होतं."

परतीच्या वाटेवर रिबेकाबाई आर्थरला शिव्या घालतील, निदान रडतील, असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी त्या म्हातारीवर मनातून रागावलेय. आणि मी आहे, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं." मग इल्फर्ड जवळ आल्यावर, "माणूस वाईट नव्हता ग. भित्रा होता. आणि मी त्याच्या भित्रेपणाला माझं पाप समजले."

उतरताना त्यांनी माझा हात धरला. "रूथला यातलं काही बोलू नकोस. बाप म्हणून त्यानं तिला काही कमी केलं नाही. तेवढं तिच्यापाशी राहू दे."

मी म्हटलं, "अहो, पण आत्या आहे तिला."

"सांगेन. मीच सांगेन. जरा वेळ बघून."

ती वेळ त्यांना सापडली नाही. रूथ शनिवारी-रविवारी यायची, तेव्हा घर हसतं असायचं. ते कोण मोडणार? ईडिथबाई ख्रिसमसला कार्ड पाठवायच्या, आणि रूथ यायच्या आत ते कपाटात जायचं. मी आठवण करून दिली की म्हणायच्या, "पेसाहचा सण होऊ दे." सण व्हायचा. सफोकला आम्ही पुन्हा गेलो नाही. पेटीतल्या मेलेल्यांचीही त्यांना आता ओढ राहिली नव्हती. मला एक दिसत होतं: ज्या भित्रेपणानं त्यांचं अर्धं आयुष्य पोखरलं, तो त्यांनी नवऱ्याकडून वारशासारखा घेतला होता. हे त्यांच्या तोंडावर बोलण्याइतकी मोठी मी नव्हते.

सत्तरचं दशक सरता सरता, दम्याच्या एका झटक्यात, रिबेकाबाई गेल्या. त्यांच्यात माती लगेच देतात. रूथ केंब्रिजहून पोचली, इल्फर्डच्या त्यांच्या समाजातली चार माणसं धावाधाव करू लागली. मी फोनजवळ बसले आणि ईडिथबाईंचा नंबर फिरवला. रिबेकाबाईंना विचारायची सोय आता राहिली नव्हती.

काळी हॅट घालून, पहिल्या गाडीनं त्या आल्या. कबरस्तानात मागे, अंतरावर उभ्या राहिल्या. सगळं आटोपल्यावर घरी आल्या, आणि यहुदी सुतकाच्या रिवाजानं आरशांवर चादरी घातलेल्या त्या बैठकीच्या खोलीत कुठे बसावं ते न कळून दाराशीच थांबल्या. रूथ माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "सुमनमावशी, ही लेडी कोण आहे?"

"ही तुझी आत्या," मी म्हटलं. "तुझ्या डॅडची सख्खी बहीण."

रूथ तिच्याकडे बघत राहिली, हनुवटीकडे, हातांकडे. मग तिनं विचारलं, "आईला माहीत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"किती दिवस?"

"बरीच वर्षं."

इंग्लंडात जन्मलेली पोर. तिच्या मराठीत आईसुद्धा 'तो' व्हायची. ती म्हणाली, "आई मला एवढा घाबरत होता?"

मी 'नाही' म्हणणार होते. पण त्या घरात तेवढं एक तरी कुणी खरं सांगायला हवं होतं.

"हो," मी म्हटलं, आणि तिचा हात धरून तिला ईडिथबाईंकडे घेऊन गेले.