बरगडीखालचा डाग

भाजे गावचा रखमाजी माणसाचं आणि बैलाचं दुखणं एकाच सळईनं घालवायचा. सळई लाल करायची, दुखेल तिथं टेकवायची. मी बी. ए. होऊन लोणावळ्याच्या शाळेत लागलो तेव्हापासून रविवारी त्याच्याकडे गप्पांना जात असे. वयानं तो माझ्या दुप्पट, पण आमची मैत्री बरोबरीची.

एकोणीसशे सदतीसच्या जत्रेत तो मटण रेटून जेवला आणि उजव्या बरगडीखाली कळ उठली. ती पाठीतून खांद्यापर्यंत गेली. ओकाऱ्या झाल्या. बायकोनं, मुक्ताबाईनं, गरम तूप पाजलं. कळ वाढली. हुडहुडी भरून ताप आला. मग त्यानं तिच्याच हातून स्वतःला डाग देववले.

मी पोचलो तेव्हा तिथली कातडी सोलून निघाली होती.

"रखमाभाऊ, हे काय केलंत?"

"तुमाला दुखलं असतं तर जे केलं असतं, तेच."

बैलगाडीतून मळवली स्टेशन गाठलं, तिथून रेल्वेनं लोणावळा. डॉक्टरांनी बरगडीखाली बोटं ठेवली. तिथं दाबून ते खोल श्वास घ्यायला सांगणार होते. पित्ताची पिशवी सुजली असली की श्वास मध्येच अडतो. पण बोटं लागताच रखमाजी किंचाळला.

"आता मला काय कळणार?" डॉक्टर माझ्यावरच खेकसले. "कातडी बोंबलतेय की आतली पिशवी?"

त्यांनी डोळ्यांत पिवळेपणा पाहिला, लघवीचा रंग विचारला. म्हणाले, "तुपकट खाल्लं की पित्ताची पिशवी आवळते. तोंडाशी खडा अडकला तर पित्त तुंबतं, पिशवी सुजते. तेच असावं. पण अपेंडिक्सही असू शकतं. पुण्याला न्या."

पुण्याला रक्त तपासलं. एक्स-रेत खड्याची सावली दिसली. मला वाटलं, सुटलो. सर्जननी पोटावरचं कापड बाजूला करून पाहिलं.

"चीर द्यायची तिथंच पू झालाय. हे सुकेपर्यंत मी सुरी लावणार नाही."

खाणं बंद केलं. सलाईन लावलं, दुखण्यावर इंजेक्शनं दिली. आम्ही वाट पाहत बसलो. हळूहळू ताप उतरला, कळ थांबली, जखमा सुकल्या. सर्जननी ऑपरेशनचा दिवस ठरवला. खडा आतच आहे, म्हणाले. पुन्हा अडकेल. पिशवी फुटली तर माणूस हाती लागणार नाही.

रखमाजी पागोटं बांधायला लागला.

"कुठं निघालात?"

"घरी. डाग सुकला, कळ गेली. आनिक काय पायजे?"

"अहो, कळ उपासानं गेली, औषधानं गेली!"

"उपाशी तर दुष्काळात बी व्हतो. तवा कुटं लोकं आमाला सुई टोचाय आलती?"

मी मुक्ताबाईकडे वळलो. "वहिनी, तुम्ही तरी सांगा."

"मी काय सांगू, मास्तर?" ती लाजून हसली. "माझ्याच हाताचा गुन आला म्हनत्यात."

मी त्यांच्यामागं स्टेशनपर्यंत गेलो. फलाटावर मी शेवटचं सांगून पाहिलं, की पुढची कळ आली तर पुण्याला यायला वेळ मिळणार नाही.

"मग पुन्यांदा डागू की," रखमाजी म्हणाला, आणि गाडीत चढून त्यानं खिडकीजवळची जागा धरली.